शेवटच्या कडव्यातलं नाव

मंगळवारी दुपारी अडीच वाजता माझा बाप माझ्या दुकानात गायला. त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली आहेत. बी.एड.च्या एका मुलीच्या प्रकल्पाच्या झेरॉक्स चालू होत्या, मशीनच्या झाकणाखालून हिरवा उजेड इकडून तिकडे सरकत होता, आणि ती मुलगी काउंटरला टेकून मोबाइलवर काहीबाही बघत उभी होती. त्यात ते गाणं लागलं. आवाज बापाचा नाही हे पहिल्याच ओळीत कळलं. बापाचा आवाज खरबरीत होता, हा तुपकट. ढोलकीच्या जागी कॉम्प्युटरचा ठेका. पण शब्दन् शब्द बापाचा. ‘पाटीवरचं पहिलं अक्षर पुसू नको गं माय, वल्ल्या बोटानं पुसशीन त्याले, माह्याजवळ उरन काय.’ मी झाकणावर हात ठेवून ऐकत राहिलो. आमच्याकडच्या गायन पार्ट्यांत गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं, गाणं कोणाचं ते ऐकणाऱ्याला तिथेच कळतं. मी मनातल्या मनात केव्हाच त्या नावापाशी जाऊन उभा होतो. आणि मोबाइलमधला माणूस म्हणाला, ‘कुंदन म्हणे, पुसलं तरी गं, बोटाले भुकटी ऱ्हाय.’ तिथे ‘रामाजी म्हणे’ हवं होतं, माझ्या बापाचं नाव. मुलीने विचारलं, काका, कागद संपला का. मी नाही म्हटलं आणि तिची उरलेली पानं उलटी काढली.

दुकान माझ्या घराच्याच पुढच्या खोलीत आहे, वर्ध्यात, कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे दुकान, मध्ये पडदा, पडद्यामागे घर. पडद्याला लागूनच खाट आहे आणि खाटेवर माझी आई, धुरपता, दिवसभर बसून असते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सकाळी जेवली की नाही ते तिला दुपारी सांगता येत नाही. पण कोणी बोलायला लागलं की तिचे ओठ हलतात, आवाज न करता. हे म्हातारपणाचं नव्हे, मी लहानपणापासून पाहत आलोय. बाप पेटीवर बसून गायचा तेव्हा ती बायांच्या पहिल्या रांगेत असायची आणि तिचे ओठ चालू असायचे. गावातल्या बाया हसायच्या, की बाईले नवऱ्याचं किती कौतुक. माझी बायको मेघा म्हणते, आईंना ती सवयच आहे. ते ओठ बोलणाऱ्याबरोबर हलतात की त्याच्या मागून, हे पाहण्याची मला कधी गरज पडली नव्हती.

त्या संध्याकाळी मी कुंदनला फोन लावला. कुंदन म्हणजे बापाच्या पार्टीतला सगळ्यात शेवटचा कोरसवाला. तेव्हा विशीतला होता, आता नागपुरात राहतो आणि त्याची गाणी लाखो लोक बघतात. व्हिडिओखाली ‘गीतकार : कुंदन’ असं ठळक लिहिलेलं. मी बराच तापलो होतो, तो मुळीच तापला नाही. म्हणाला, “दादा, तुम्ही काऊन गरम होऊन राह्यले? आपल्यात जो पेटीवर बसते त्याचं नाव कडव्यात. हे मले रामाजी काकानंच सांगतलतं. तुमच्या घरच्या वट्ट्यावर बसून सांगतलतं.” मग तो थांबला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, काकूची तब्येत कशी आहे. मी फोन ठेवला. काकूचं नाव त्याने त्याच वेळी का काढलं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी फक्त चिडलेलो होतो, आणि चिडलेल्या माणसाला सगळं स्वच्छ दिसत असतं.

मला चिडण्याचं कारण होतं. आमच्या गावी, वडनेरमध्ये, बुद्ध विहाराशेजारी वाचनालय होतंय आणि त्याला बापाचं नाव द्यायचं ठरलंय, लोकशाहीर रामाजी वाचनालय. येत्या चौदा एप्रिलला पाटी लागणार, आणि पाटीवर याच गाण्याच्या दोन ओळी येणार. त्यांखाली कुणी पोरगं मोबाइल उघडून म्हणेल, हे तर कुंदनचं. आणि खरं सांगायचं तर माझ्याजवळही दुसरं काय आहे? मी पन्नाशीचा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर उजेड पाडत आलो. पण वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जाऊन ‘रामाजी शाहिराचा पोरगा’ म्हटलं की पाण्याचा तांब्या नि खुर्ची येते. तेवढंच माझं आहे.

पौर्णिमा मॅडम माझ्याकडे केसच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला येतात. जिल्हा न्यायालयात वकिली करतात, तरुण आहेत, बोलतात सरळ. त्यांना सांगितलं तेव्हा आधी हसल्या. माझ्या काउंटरवर त्या वेळी एका जाड पुस्तकाच्या चार प्रती स्पायरल लावून पडल्या होत्या. “दादा, तुम्ही कॉपीराइटची तक्रार करणार?” म्हणाल्या. अभ्यासापुरती चार पानं काढणं वेगळं आणि अख्खं पुस्तक काढून विकणं वेगळं, हे त्यांनी मला आधीही दोनदा सांगितलं होतं. मग त्या स्टुलावर बसल्या आणि नीट समजावलं. गाणं तयार झालं, कुठे लिहिलं गेलं किंवा रेकॉर्ड झालं, की हक्क आपोआप तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी असली की कोर्टात पुरावा होतो. कल्पनेवर हक्क नसतो. पाटीवरचं अक्षर पुसलं जाणं ही कल्पना कोणीही घ्यावी. हक्क असतो तो शब्दांवर, ज्या शब्दांत ती मांडली त्यांवर. आणि तो कवीच्या हयातीत असतो, शिवाय तो गेल्यानंतर साठ वर्षं. म्हणजे तुमच्या बाबांचा अजून पंचेचाळीस वर्षं आहे, त्या म्हणाल्या, रीत काहीही असो. ते ऐकून मला फार बरं वाटलं. मेलेल्या माणसाचं काहीतरी अजून चालू आहे, कुठेतरी त्याची वर्षं मोजली जाताहेत. कुंदनच्या आधीचा काही पुरावा असेल तर आणा, तेवढं त्यांनी सांगितलं. उठता उठता पडद्याकडे बघून म्हणाल्या, आजी काही म्हणतायत का? मी म्हटलं नाही, तिला सवय आहे.

पुरावा म्हणून आधी मी बापाची वही काढली. बेचाळीस गाणी, निळ्या शाईत, प्रत्येकाखाली तारीख. बाप सातवी शिकलेला, अक्षर मोत्यासारखं. पुलगावच्या कापड गिरणीत कामाला होता, तिथे खोली करून राहायचा आणि सुट्टीला वडनेरला यायचा. आई गावात, दुसऱ्याच्या वावरात निंदणी नि वेचणीला. मी वर्ध्याच्या वसतिगृहात. वहीतल्या तारखांवर एक एक करून बोट ठेवत गेलो तेव्हा लक्षात आलं, की सगळ्या तारखा सुट्ट्यांच्या आहेत. सव्वीस जानेवारी, होळी, बुद्ध पौर्णिमा, गिरणीचा संप. पुलगावच्या खोलीत, सोळा वर्षांत, त्याने एकही गाणं लिहिलेलं नव्हतं. गावची हवा लागल्याशिवाय मले सुचत नाई, असं तो सगळ्यांना सांगायचा आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. मी वही मिटली. पडद्यामागून खाट करकरली. मेघा घरात नव्हती, अंगणवाडीत गेलेली, म्हणजे आईच उठून बसली असणार, आणि तिने बसावं यात काही विशेष नव्हतं. तरी मी दहा मिनिटं पडदा सारला नाही.

मग कॅसेट. ती लोखंडी पेटीत जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली होती. वर बापाच्या अक्षरात ‘१४ एप्रिल १९८९, घरी’. वर्ध्यात कॅसेट वाजवणारं कोणी उरलं नाही, म्हणून सकाळच्या पॅसेंजरने सिंदीला गेलो. तिथे अंकुश नावाचा पोरगा लग्नाचे व्हिडिओ करतो, जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवून देतो. स्टेशनाबाहेर तारेच्या कुंपणाला कापूस अडकलेला होता, गाड्या भरून गेल्यावर अडकतो तसा. अंकुशने मला कानांवर मोठाले हेडफोन दिले. आधी नुसती खरखर. मग बापाने तारीख सांगितली, आणि माझे डोळे भरून आले, कारण तो माझ्यापेक्षा तरुण होता. मग पेटी. आणि पहिली ओळ सुरू होण्याआधी कोणीतरी ती ओळ म्हणालं. फार हळू. चाल नाही, नुसते शब्द. ‘पाटीवरचं पहिलं अक्षर पुसू नको गं माय.’ त्यानंतर बापाने ती उचलली आणि गायली.

मी हेडफोन काढला. अंकुश म्हणाला, घाबरू नका काका, होतं असं. कॅसेट वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, त्यामुळे गाण्याच्या आधीच गाण्याची सावली ऐकू येते. मला हायसं वाटलं. शास्त्र आहे म्हटल्यावर आपण लगेच पाय पसरतो. पण त्याने पट्टी मागे घेतली, आवाज वाढवला आणि स्वतः ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला. “पण काका,” तो म्हणाला, “सावली असली तं ती गाणाऱ्याच्याच आवाजाची पाह्यजे. हा तं बाईचा आवाज आहे.” आम्ही दोघांनी पूर्ण गाणं ऐकलं. प्रत्येक ओळीआधी ती बाई ती ओळ सांगत होती, आणि बाप ती घेऊन तिला चाल लावत होता; एकदा तो चुकला तर तिने तीच ओळ पुन्हा सांगितली, न रागावता. शेवटचं कडवं आलं. तिथे ती गप्प झाली. पेटीचा सूर धरलेला, कोणीतरी श्वास घेतला, बाहेर कोंबडा आरवला. मग बाप म्हणाला, रामाजी म्हणे. आणि त्याचं नाव संपताच पुन्हा ती कुजबुज, ‘पुसलं तरी गं, बोटाले भुकटी ऱ्हाय.’ अंकुशने स्क्रीनवर ती गप्प जागा मोजून दाखवली. सव्वादोन सेकंद. बाकी सगळ्या ओळी तिने दिल्या होत्या. नाव तेवढं त्याला सांगावं लागलं नाही.

परतीच्या गाडीत मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मला आठवायला नको होती. मी तिसरीत असताना गोवर निघून पंधरा दिवस अंथरुणात होतो, आणि आई माझी पाटी मांडीवर घेऊन बसली होती. तिने सांगितलं होतं की ती शाळेत अकरा दिवस गेली. बाराव्या दिवशी तिच्या आईने पाटी तिच्या धाकट्या भावासाठी घेतली. बोट थुंकीत ओलं केलं आणि माझ्या आईने काढलेलं अक्षर पुसलं. ते अक्षर ‘ध’ होतं. मी हे ऐकलं होतं आणि झोपलो होतो. मग आयुष्यभर बापाच्या तोंडून ते गाणं ऐकलं, शेकडो वेळा, दरवेळी डोळे पुसले आणि दरवेळी मला डोळ्यांसमोर दिसला तो बाप, लहानगा, पाटीसाठी रडणारा. बापाची पाटी कोणीच पुसली नव्हती. तो सातवीपर्यंत शिकला, त्याच्या आईने शेळी विकून शिकवला. हे मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या आणि मी त्या एकमेकींजवळ कधी नेल्याच नव्हत्या.

त्यानंतरचे चार दिवस मी दुकानात बसलो खरा, पण दुकान पहिल्यासारखं राहिलं नाही. गिऱ्हाईक दारात येतं, मी ‘दोन्ही बाजूंनी का’ असं विचारायला तोंड उघडतो, आणि मला वाटतं हे शब्द पडद्यामागून आधीच येऊन गेले आहेत. मी थांबतो. कान देतो. काही नसतं, पंखा असतो. मशीनमधून कोमट कागद येतो, त्यावर दुसऱ्या कोणाचं तरी लिहिलेलं, आणि मी तो हातात घेऊन बघत राहतो. एकदा मी मुद्दाम पडदा अर्धा सारून ठेवला आणि एका पोराशी हवापाण्याचं बोलत राहिलो. आईचा चेहरा मला कपाटाच्या आरशात दिसत होता. मी म्हणणार होतो की यंदा ऊन लवकर लागलं. ‘यंदा’ माझ्या जिभेवर यायच्या आधी तिचे ओठ मिटून उघडले. हे मी पाहिलं की मला दिसावं म्हणून दिसलं, ते मी आज सांगू शकत नाही. मी वाक्य बदललं, म्हटलं, पेपर केव्हा आहे तुझा. मला भीती वाटत होती. स्वतःच्या आईची भीती वाटणं फार वाईट असतं, ती शेजारच्या खोलीत आपलीच वाट बघत बसलेली असताना.

शेवटी तिला विचारलं. दुपारची वेळ, ती मटार सोलत होती, म्हणजे सोललेले दाणे आणि सालं एकाच ताटात टाकत होती. मी म्हटलं, आई, ते पाटीचं गाणं कोणाचं आहे? ती लगेच म्हणाली, “तुह्या बाबाचं. मले कुठं लिवता येते.” जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. ज्याला लिहिता येतं त्याचं गाणं. मी म्हटलं, पण शब्द तू सांगत होतीस ना? ती जरा विचारात पडली. “ते काय,” म्हणाली, “वावरात निंदता निंदता तोंडात येत जाय. तो आला की मी सांगो, तो लिवून घे. मले वाटे, लिवलं की त्याचंच झालं.” आणि तिने एक रिकामी शेंग उघडून आत पाहिलं.

पौर्णिमा मॅडमला सांगताना माझा आवाज चोरट्यासारखा झाला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “लिहून घेणारा कवी होत नाही, दादा. तुम्ही पुस्तकाची झेरॉक्स काढली म्हणून पुस्तक तुमचं होतं का?” शब्द एक काम, चाल दुसरं, कायदा दोन्ही वेगळे धरतो. चाल बाबांचीच राहते, ती कोणी घेत नाही. पण शब्द आजींचे आहेत, आणि नोंदणीच्या अर्जात कवी म्हणून खोटं नाव घालता येणार नाही. मी विचारलं, आणि त्या टेपबद्दल कोणालाच कळलं नाही तर? त्यांनी नोंदणीचा नवा अर्ज काउंटरवर ठेवला आणि त्या गेल्या. माझ्याजवळ रामाजीच्या नावाने भरलेला एक अर्ज आधीच तयार होता. त्याच्याशेजारी हा कोरा. टेप कॉम्प्युटरवरून पुसायला एक बटण पुरलं असतं. अंकुश कोणाला सांगणार नव्हता. वाचनालयाची पाटी रंगवून झाली होती, वडनेरहून फोटो आला होता. बापाचं नाव पिवळ्या रंगात, खाली दोन ओळी. मी बापाला दोष देऊ शकलो असतो तर सोपं झालं असतं. पण त्याने चोरलं असं मला वाटत नव्हतं. तिने दिलं, त्याने घेतलं, आणि दोघांपैकी कोणालाच ती चोरी वाटली नाही. कुंदनलाही वाटली नाही. फक्त तो वट्ट्यावर बसायचा तेव्हा त्याने ती कुजबुज ऐकली असणार. म्हणूनच त्याने काकूची चौकशी केली.

रविवारी दुकान बंद ठेवलं. सकाळचं ऊन शटरच्या फटीतून आत आलं होतं. मी खुर्ची पडद्यापाशी ओढली, कोरा अर्ज मांडीवर घेतला आणि रकाने वाचत गेलो. कृतीचं नाव. भाषा. कवीचं नाव, पत्ता. त्यापुढे, कवी मृत असल्यास मृत्यूचा दिनांक. तिथे पेन थांबलं. बापाच्या अर्जात मी हा रकाना न थांबता भरला होता. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, बऱ्याच दिवसांनी ओळखीचं बघत होती. ती साठ वर्षं अजून मोजायला सुरुवातच झालेली नाही, हे माझ्या मनात आलं आणि मला रडू फुटलं. मी म्हटलं, आई, ते गाणं एकदा म्हण ना. तिने मान हलवली, की मले गाता येत नाही. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती जरा पुढे वाकली, माझ्या कानाजवळ आली आणि कुजबुजली, ‘पाटीवरचं पहिलं अक्षर पुसू नको गं माय.’ आणि थांबली. माझ्यासाठी थांबली. मला गाता येत नाही, तरी मी ती ओळ बापाच्या चालीत म्हटली. तिने दुसरी दिली. मी म्हटली. जी सकाळचं जेवण विसरते तिने एकही शब्द चुकवला नाही. मी एकदा चुकलो, तिने तीच ओळ पुन्हा सांगितली. असं करत करत आम्ही शेवटच्या कडव्याशी आलो, आणि ती गप्प झाली.

तीच शांतता. मी ती मोजलेली पाहिली होती, आता तिच्यात बसलो होतो. तिचे ओठ मिटलेले होते, पहिल्यांदा अगदी स्थिर. डोळे माझ्या तोंडावर. या ठिकाणी नाव गाणाऱ्याने घालायचं असतं आणि ती कधी सांगत नसते. आयुष्यभर ती इथे येऊन थांबत आली होती. माझ्या मागे, बंद शटरच्या अंधारात, मशीन होतं आणि त्यावर भरलेला अर्ज पडला होता. सव्वादोन सेकंद केव्हाच होऊन गेले असतील.

“धुरपता म्हणे,” मी म्हणालो.

ती दचकली. मग तिचे ओठ हलले, माझ्या आधी नाही, माझ्याबरोबरही नाही. आवाज काढून, अडखळत, शाळेत बाई सांगतील ते मागून म्हणावं तसं, आई म्हणाली, “धुरपता म्हणे.”